जुन्या बंदुकांचा नवा बाजार

(शेणवा, ता. शहापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘मूल्य आणि किंमत’ असा विषय छापलेला आहे. हा विषय मी पस्तीस वर्षे वर्गात शिकविला आणि पस्तीस वर्षे विद्यार्थी त्या तासाला पेंगत आले. दुपारच्या जेवणानंतर तुमच्यावर तोच प्रसंग यावा अशी माझी इच्छा नाही. म्हणून आज एकच वस्तू समोर ठेवून बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे बंदूक; आणि तीही साधी बंदूक नव्हे, दुसऱ्या महायुद्धातली, दुर्बीण लावलेली, लांबून एकेक माणूस टिपण्याची बंदूक.

हा विषय मला कसा सुचला ते आधी सांगितले पाहिजे. माझा एक जुना विद्यार्थी, मूळचा याच परिसरातला, गेली पंचवीस वर्षे अमेरिकेत स्थायिक आहे. मुलीकडे गेलो असताना चार दिवस त्याच्या घरी राहिलो. एका संध्याकाळी तो मला तळघरात घेऊन गेला, पोलादी कपाटाचे कुलूप उघडले आणि एक लांबट लाकडी पेटी टेबलावर ठेवली. पेटीत बंदूक होती. तिच्या दुर्बिणीचा पत्र्याचा डबा वेगळा, पट्टा वेगळा. ‘सर, उचलून तर बघा,’ तो म्हणाला. मी उचलली. वजन बरेच होते. दुर्बिणीला डोळा लावला तेव्हा खिडकीबाहेरच्या मेपलच्या झाडावरचे पान एकदम जवळ आले. खोटे कशाला सांगू, त्या क्षणी मला बरे वाटले. साने गुरुजींच्या गोष्टी वाचत वाढलेल्या, वाल पाहून उचलायला शिकलेल्या माणसालाही ते बरे वाटले, याची नोंद तुम्ही घ्यावी. कारण या व्यवहाराचे मूळ तिथेही आहे, केवळ लोभात नाही.

मग तो म्हणाला, ‘सर, घेतली तेव्हापासून हिची किंमत जवळजवळ चौपट झाली. सोन्याइतकीच विश्वासाची आहे. अर्थशास्त्र तुम्हीच शिकवलंत. याला काय म्हणायचं ते सांगा.’ मला तिथे उत्तर देता आले नाही. आज ते तुमच्यासमोर देण्याचा प्रयत्न करतो.

ती बंदूक होती ली-एनफील्ड क्रमांक चार, ‘टी’ प्रकारची. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली जी थ्री-नॉट-थ्री, तिचीच ही भावंड. इंग्लंडच्या कारखान्यांत हजारो बंदुका तयार होत. त्यांतल्या ज्यांचा नेम चाचणीत विशेष अचूक ठरे, त्या बाजूला काढून हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या नामांकित बंदूकवाल्यांकडे पाठवीत. एरवी ही पेढी राजेमहाराजांसाठी शिकारीच्या बंदुका घडवायची. १९४२ पासून तिच्या कारागिरांनी या बंदुकांवर दुर्बिणीची बैठक बसविली आणि दस्त्यावर गाल टेकण्यासाठी लाकडाचा उंचवटा जोडला. प्रत्येक दुर्बीण एकाच बंदुकीशी जुळवून तिचा क्रमांक त्या बंदुकीच्या लाकडावर ठोकला. युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे २३,००० बंदुका त्यांच्या हातांखालून गेल्या. दुर्बीण मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली होती. तिच्यावर हजार यार्डांपर्यंतच्या खुणा आहेत. हजार यार्ड म्हणजे अर्ध्या मैलाहून अधिक. इतक्या लांबून मारल्या गेलेल्या माणसाला आपल्याला कोणी मारले हे कळतच नाही.

या नेमबाजाला इंग्रजीत स्नायपर म्हणतात, आणि या शब्दाचा जन्म आपल्याच मातीत झाला आहे. स्नाइप म्हणजे आपला पाणलावा. भातखाचरांच्या कडेला, चिखलात, बांधाच्या गवतात दडणारा हा पक्षी. उडाला की वेडावाकडा उडतो, त्यामुळे त्याला टिपणे अवघड. १७७० च्या सुमारास हिंदुस्थानातले कंपनीचे साहेब या पक्ष्याच्या शिकारीला जात आणि घरी पत्रांतून तिची वर्णने करीत. तिथून हा शब्द निघाला. ज्याला चांगला पाणलावा मारता येतो तो स्नायपर. पुढे पक्ष्याच्या जागी माणूस आला, शब्द तोच राहिला.

आता किमतीकडे वळू. अर्थशास्त्रात पाणी आणि हिरा यांचे एक जुने कोडे आहे. पाण्याविना माणूस जगत नाही, तरी ते स्वस्त. हिऱ्याचा उपयोग शून्य, तरी तो महाग. ॲडम स्मिथचे हे कोडे मी ज्या ज्या महाविद्यालयांत शिकविले तिथे ते समजावून सांगावे लागे. शहापूर तालुक्यात ते समजावून सांगण्याची गरज नाही. भातसा, तानसा, वैतरणा यांचे पाणी मुंबईला जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच धरणांच्या अंगाखांद्यावरच्या पाड्यांतून बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. वस्तूची किंमत तिच्या उपयोगावरून ठरत नाही, ती कोण विकत घेऊ शकतो यावरूनही ठरते, हे इथल्या तिसरीतल्या मुलीलाही ठाऊक आहे.

डेव्हिड रिकार्डोने १८१७ च्या आपल्या ग्रंथात आरंभीच एक अपवाद नोंदवून ठेवला आहे. सर्वसाधारण मालाची किंमत त्यात खर्ची पडलेल्या श्रमावरून ठरते. परंतु दुर्मिळ पुतळे, चित्रे, जुनी पुस्तके, नाणी यांची संख्या कितीही श्रम केले तरी वाढविता येत नाही. त्यांची किंमत ठरते ती केवळ दुर्मिळपणावर आणि घेणाऱ्याच्या हौसेवर व ऐपतीवर. असा माल बाजारातल्या एकूण मालाच्या मानाने नगण्य, म्हणून रिकार्डोने तो बाजूला ठेवला आणि पुढच्या विवेचनाला लागला. मार्क्सही मुख्यतः कारखान्यातल्या मालाचा विचार करीत राहिला. माझ्या विद्यार्थ्याची बंदूक या बाजूला ठेवलेल्या खणातली आहे. १९४५ नंतर तशी बंदूक निर्माण होणे संपले. उलट होत्या त्याही घटल्या. १९७० च्या सुमारास ब्रिटिश सैन्याने त्यांतल्या हजाराच्या आसपास बंदुकांच्या नळ्या बदलून त्या नव्या काडतुसासाठी वापरात आणल्या. उरलेल्यांपैकी किती विकल्या गेल्या, किती भट्टीत गेल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

परंतु दुर्मिळ होण्याआधी या बंदुका भंगाराच्या भावाने विकल्या जात होत्या, आणि ही हकीकत फार बोलकी आहे. युद्धानंतर जगातली सरकारे जुन्या बंदुका टनांवर काढीत होती. सॅम्युअल कमिंग्ज नावाच्या एका अमेरिकनाने १९५३ मध्ये पेढी काढून त्या जहाजे भरभरून नेल्या. वर्तमानपत्रांत आणि मासिकांत जाहिराती येत: कूपन भरा, पैसे पाठवा, बंदूक टपालाने घरपोच. मार्च १९६३ मध्ये शिकागोच्या एका दुकानाकडे असेच एक कूपन आले. १९४० साली इटालियन सैन्यासाठी बनलेली कारकानो बंदूक, वर स्वस्तातली दुर्बीण लावलेली. किंमत १९ डॉलर ९५ सेंट आणि टपालखर्च दीड डॉलर. कूपनावरचे नाव खोटे होते. मागविणारा होता ली हार्वे ऑस्वाल्ड. नोव्हेंबरात डॅलस येथे केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच बंदुकीतून, असा चौकशी आयोगाने निष्कर्ष काढला.

त्यानंतर पाच वर्षांनी, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचेही खून पडल्यावर, १९६८ मध्ये अमेरिकेने कायदा केला. टपालाने बंदुका विकणे बंद झाले, आणि परदेशी सैन्यांच्या जुन्या बंदुकांची आयातही बंद झाली. कायदा योग्यच होता. पण त्याचा एक परिणाम असा झाला की ज्यांच्याकडे माल आधीच होता त्यांच्या मालाचे भाव आपोआप चढू लागले. आपल्याकडच्या परमिट-लायसनच्या दिवसांत ज्यांच्याकडे जुनी फियाट होती त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. १९८४ मध्ये जुन्या, संग्राह्य ठरविलेल्या बंदुकांची आयात पुन्हा खुली झाली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियाच्या आणि युक्रेनच्या कोठारांतून मोसिन-नागां जातीच्या बंदुका लाखांनी बाहेर पडल्या. या शतकाच्या पहिल्या दशकात साधी मोसिन शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळे. २००१ मध्ये स्टालिनग्राडच्या वासिली झाईत्सेववर हॉलिवूडने चित्रपट काढला आणि दुर्बिणीच्या मोसिनला वेगळी मागणी आली. २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन बंदुकांची आयात थांबविली. माल येणे बंद, बघणारे वाढलेले. भाव कुठे जाणार? आज अस्सल, जुळत्या क्रमांकांची दुर्बिणीची ली-एनफील्ड, पेटी-डब्यासह, कित्येक हजार डॉलरला जाते.

‘जुळते क्रमांक’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. बाजारभाव चढला की नकली माल आलाच. साध्या बंदुकीवर ‘टी’ अक्षर ठोकायचे, जुन्या लाकडाला नवा दुर्बीण-क्रमांक द्यायचा, पेटीला चहाच्या पाण्याने जुनेपणा आणायचा. त्यामुळे आता बंदुकीपेक्षा तिचा पुरावा महाग झाला आहे. कोणत्या पलटणीत होती, कोणी वापरली, त्याचे कागद आहेत काय? कागद असले की भाव आणखी वर. माझ्या विद्यार्थ्याने हे मला मोठ्या अभिमानाने समजावून सांगितले. मी विचारले, ‘म्हणजे हिने माणूस मारला असे सिद्ध झाले तर हिची किंमत वाढते?’ तो थोडा थांबला. म्हणाला, ‘सर, असं कोणी म्हणत नाही. पण हो, वाढते.’

मित्रहो, इथे रिकार्डो संपतो. दुर्मिळ नाण्याची किंमत केवळ दुर्मिळपणाची असते. या बंदुकीच्या किमतीत एका मृत्यूचाही वाटा आहे. मात्र तो वाटा मरणाऱ्याच्या नावावर कुठेही जमा होत नाही.

आता आपल्या शेजारचे एक उदाहरण. काठमांडूला लगन सिलेखाना नावाच्या जुन्या वाड्यात राणाशाहीच्या काळापासूनची शस्त्रे साठवलेली होती. इंग्रजांकडून आलेल्या ब्रन्सविक आणि मार्टिनी-हेन्री बंदुका होत्या, नेपाळच्या कारागिरांनी स्वतः घडविलेल्याही हजारो होत्या. २००३ मध्ये, नेपाळात माओवाद्यांचे बंड चालू असताना, दोन परदेशी व्यापारी संस्थांनी हा साठा विकत घेतला आणि उचलून अमेरिकेला नेला. तिथे त्या बंदुका साफसूफ करून एकेक करून संग्राहकांना विकल्या जात आहेत. डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या करांतून आणि डोंगरातल्या लोहारांच्या श्रमांतून जे उभे राहिले, त्याच्या किमतीतली वाढ ज्यांनी साठा ठोक भावाने उचलला त्यांच्या पदरात पडली. कच्चा माल इथला, भाववाढ तिथली. कापसाच्या आणि तागाच्या बाबतीत दादाभाईंनी जे दाखविले तेच इथे आहे, फक्त माल निराळा.

आपल्या देशात असा बाजार नाही, याची कारणेही पाहिली पाहिजेत. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने दोन कायदे केले. एकाने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचे तोंड बांधले, दुसऱ्याने लोकांच्या हातांतली शस्त्रे काढली. शस्त्रकायद्यातून गोऱ्यांना सूट होती. ही सूट लोकांच्या मनाला किती लागली होती हे १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावावरून दिसते. मूलभूत हक्कांच्या त्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क स्पष्टपणे घातलेला होता. राज्यघटनेत मात्र तो हक्क आला नाही, आणि माझ्या मते ते बरे झाले. ज्या देशात जमीन थोड्यांच्या हाती, तिथे बंदुकाही त्याच थोड्यांच्या हाती गेल्या असत्या. बिहारने हे पुढे दाखवून दिलेच. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार थ्री-नॉट-थ्री ही निषिद्ध बोअरची, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणारी बंदूक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाने किती बंदुका ठेवाव्यात ती मर्यादा तीनावरून दोनावर आणली. तेव्हा माझ्या विद्यार्थ्याची पेटी इथे कोणाच्या माजघरात असणे शक्य नाही. आपल्या भागात बंदूक म्हणजे ठासणीची बंदूक, रानडुकरांपासून पीक राखण्याच्या परवान्यावरची. निवडणूक आली की ती ठाण्यात नेऊन जमा करायची आणि मतमोजणी झाली की पुन्हा आणायची. तिला दुर्बीण नाही, पेटी नाही आणि विकायला गेले तर गिऱ्हाईकही नाही.

परंतु दुर्बिणीच्या बंदुकीशी कोकणचा संबंध नाही असे मात्र कोणी समजू नये. माणगाव तालुक्यातला यशवंत घाडगे हा तरुण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्याच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि त्याच्याखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. तो एकटा धावून गेला. बाँब टाकला, एकाला गोळी घातली, बंदूक भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या नळीशी धरून दस्त्याने मारले. ठाणे हाती आले आणि त्याच वेळी जर्मन नेमबाजांनी त्याच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. वय बावीस. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचे नाव कॅसिनोच्या स्मारकभिंतीवर आहे आणि पुतळा माणगावला आहे. दुर्बीण लावलेल्या जर्मन माउझर बंदुकांचा संग्राहकांच्या बाजारातला भाव ली-एनफील्डपेक्षाही चढा असतो. त्या बंदुकीच्या कागदांत नेमबाजाचे नाव असू शकेल, पलटण असू शकेल. समोरच्या माणसाचा रकाना त्या कागदांत नसतो.

आणि त्याच्याही दीड वर्ष आधी, २ जानेवारी १९४३ च्या पहाटे, इथून जवळ, मुरबाड तालुक्यात सिद्धगडावर काय झाले ते तुम्हाला मी सांगायला नको. भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, माथेरानचे, नाभिक कुटुंबातले, शिकून वकील झालेले. सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्यांना सोडविण्यासाठी धान्यकोठी काढणारा हा माणूस बेचाळीसमध्ये भूमिगत झाला. मुंबईला वीज पुरविणाऱ्या तारांचे मनोरे त्यांच्या आझाद दस्त्याने पाडले. बंदुकीच्या दस्त्याला आणि माणसांच्या दस्त्याला आपल्या भाषेत एकच शब्द असावा, हा योग मला नेहमीच नवलाचा वाटत आला आहे. या दस्त्याचे मुख्य हत्यार लोखंड कापायची करवत होती. सरकारने कोतवालांच्या डोक्यावर इनाम लावले होते. म्हणजे त्यांचीही एक किंमत बाजारात होती. पोलीस अधिकारी हॉल याच्या तुकडीने गोळीबार केला. त्यात कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हे दोघे धारातीर्थी पडले.

एक कोकणचा माणूस साम्राज्याच्या सैन्यात लढताना मेला, दुसरे दोघे साम्राज्याच्या पोलिसांच्या गोळीने मेले. तिघांच्याही मृत्यूला कारण झालेल्या बंदुका त्या काळी सरकारी हिशेबात दरडोई ठराविक किमतीच्या होत्या. आज तशाच बंदुकांचे लिलाव होतात. करवतीचा लिलाव होत नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी वाईट माणूस ठरवीत नाही, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. कारण आपल्यातल्या काहींना तसे करण्याची घाई होते. त्याने ती बंदूक ज्या निगुतीने ठेवली आहे, लाकडाला जवसाचे तेल पाजून, गंजाचा ठिपका पडू न देता, तेवढ्या निगुतीने आपण आपल्या चळवळीचा एकही कागद ठेवलेला नाही. ज्या अनाम कारागिराने १९४३ मध्ये लंडनमध्ये तो गाल टेकण्याचा तुकडा बसविला, त्याच्या हातचे काम माझ्या विद्यार्थ्याला कळते. आदर म्हणतात तो हाच. सरकारांनी जे भट्टीत घातले ते या छांदिष्टांनी वाचविले, हेही मान्य केलेच पाहिजे. माझा आक्षेप वाचविण्याला नाही. वाचविलेली वस्तू गुंतवणूक झाली की तिच्या मालकाला तिची संख्या कमी असावी असे वाटू लागते आणि इतिहासातला तेवढाच भाग महत्त्वाचा वाटतो की ज्याने भाव वाढतो. व्होल्गोग्राडला झाईत्सेवची बंदूक संग्रहालयात आहे. ती विकायची नाही. म्हणून तिच्यासमोर उभे राहून मुले किमतीखेरीज दुसरे प्रश्न विचारू शकतात.

निघताना विद्यार्थ्याने मला विचारले होते की, आपल्यामागे या पेटीचे काय करावे. मुलांना तिच्यात रस नाही, ती विकून टाकतील. परवा त्याला मी पत्र लिहिले. बंदूक तिथल्या एखाद्या सार्वजनिक संग्रहालयाला दे, आणि सोबत एक कागद ठेव, त्यावर घाडगे यांची हकीकत लिही, असे सुचविले आहे. उत्तर अजून आलेले नाही. एवढ्या हजार डॉलरांवर पाणी सोडायचे म्हणजे वेळ लागणारच.

तुमच्याकडे माझी मागणी त्याहून सोपी आहे. सिद्धगडच्या परिसरात, मुरबाड आणि कर्जतच्या बाजूच्या गावांत, ज्या घरांनी बेचाळीसमध्ये भाकऱ्या पोचविल्या, जागा दिली, अशा घरांत काय काय शिल्लक आहे? एखादी करवत, कंदील, निरोपाची चिठ्ठी, तुरुंगातला पितळी वाडगा, फोटो. गावागणिक एक वही करा. वस्तू मागू नका, विकत तर मुळीच घेऊ नका. ती कोणाच्या घरात आहे, कोणी वापरली, आजीला तिच्याबद्दल काय आठवते, एवढेच लिहून घ्या. आजीचे शब्द जसेच्या तसे लिहा, तिचे व्याकरण सुधारू नका. येत्या २ जानेवारीला पहाटे आपण नेहमीप्रमाणे सिद्धगडावर जमणार आहोतच, त्या वेळी या वह्या सोबत आणा. शेणव्याची पहिली वही मी आत्ताच इथे टेबलावर ठेवतो. पहिल्या पानावर कोणाच्या घरचे लिहायचे ते तुम्ही सांगा.